‘फॅमिली’

(कोल्हापूर इथं ‘आमचं लहानपण’ या विषयावर झालेल्या बैठकीतलं भाषण)

गेल्या दोन बैठकांत आपल्यापैकी बऱ्याचजणी आपल्या लहानपणाबद्दल बोलल्या. कुणी गुऱ्हाळघराबद्दल सांगितलं, कुणी शाहूपुरीतल्या चाळीबद्दल, कुणी तालमीसमोरच्या गल्लीबद्दल. मला बोलायला सांगितलं तेव्हा मी म्हटलं, माझं लहानपण धड गावात गेलं नाही आणि धड शहरातही गेलं नाही. ते लाइनीत गेलं. लाइन म्हणजे फौजेच्या क्वार्टर्सची रांग. बेळगावला मराठा लाइट इन्फंट्रीचं रेजिमेंटल सेंटर आहे, १९२२ पासून आहे. तिथल्या एका लाइनीत मी सहाव्या वर्षापासून अकराव्या वर्षापर्यंत राहिले. सन १९६६ ते १९७१.

आपल्या जिल्ह्यातल्या बायकांना हे नवं नाही. शिरोळ तालुक्यात तर एका गावाचं नावच सैनिक टाकळी आहे. सातारकडं अपशिंगे मिलिटरी आहे, तिथले सेहेचाळीस जण पहिल्या महायुद्धात गेले. इथं कोल्हापुरात टेंबलाईच्या टेकडीकडं गेलात की टी. ए. बटालियनची पाटी दिसते. फौजेत गेलेल्या माणसांबद्दल आपल्याकडं पोवाडे होतात, कमानी उभ्या राहतात. त्या माणसांच्या बायकांबद्दल बोलायचं झालं की आपण ‘वीरपत्नी’ आणि ‘वीरमाता’ हे दोन शब्द काढतो आणि थांबतो. मला आज एका तिसऱ्या शब्दाबद्दल बोलायचं आहे. तो शब्द ‘फॅमिली’.

फौजेत फॅमिली म्हणजे कुटुंब नव्हे. फॅमिली म्हणजे बायको. ‘तुझी फॅमिली कुठंय?’ म्हणजे तुझी बायको कुठं आहे. ‘हवालदारसाहेबांची फॅमिली आजारी आहे’ म्हणजे माझी आई आजारी आहे. पाच वर्षांत तिथं माझ्या आईला तिच्या नावानं हाक मारलेली मी ऐकली नाही. दवाखान्याच्या चिठ्ठीवर आबांचा नंबर, आबांचा हुद्दा, आबांचं नाव, आणि त्याच्यापुढं ‘वाइफ ऑफ’ एवढंच. लहानपणी मला वाटायचं की वाइफॉफ हे आईचं इंग्रजीतलं नाव असेल.

आम्ही तिथं गेलो कसे ते सांगते. जवानाची बायको सहसा गावाकडंच असते. क्वार्टर्स कमी आणि जवान फार. शिवाय पलटण सरहद्दीवर असली की बायकामुलांना नेताच येत नाही. माझ्या जन्मानंतरच्या सहा वर्षांत आबा घरी आले ते रजेपुरते. मी त्यांना ओळखत नव्हते. दारात खाकी दिसली की मी आजीच्या लुगड्यात तोंड लपवायची. मग आबांची बदली सेंटरला झाली, रंगरुटांना शिकवणारा उस्ताद म्हणून, आणि आम्हाला क्वार्टर मिळाली. गडहिंग्लजहून संकेश्वर आणि संकेश्वरहून बेळगाव असा एस. टी.चा प्रवास. एस. टी.च्या टपावर आबांची काळी ट्रंक, तिच्यावर पांढऱ्या रंगात नंबर आणि नाव. आईनं वाटेत एकदाही मागं वळून पाहिलं नाही. मला आठवतंय, हत्तरगी मागं पडली तशी तिनं डोक्यावरचा पदर खांद्यावर घेतला. आबांनी पाहिलं, काही बोलले नाहीत.

हे आधी सांगते कारण आपण चळवळीतल्या बायका फौजेबद्दल बोलताना चटकन नाक मुरडतो. माझ्या आईला विचाराल तर ती म्हणेल, माझ्या आयुष्यातली ती पाच वर्षं सुखाची. सासू नाही, दीर नाहीत, शेण नाही, पहाटेचं जातं नाही. एक खोली, एक स्वयंपाकघर, पुढं व्हरांडा, पण तिची स्वतःची चूल. महिन्याचं रेशन मोजून मिळायचं. गावात मोठ्या माणसांसमोर चपला काढून हातात घेणारी बाई तिथं चपला घालून कॅम्पातल्या बाजारात जायला लागली. रविवारी मिलिटरी महादेवाला जायची. मैदानात पडदा लावून सिनेमा दाखवायचे, तो ती घोंगडीवर बसून बघायची. पलीकडच्या क्वार्टरमधली साताऱ्याची एक बाई चौथी शिकलेली होती. तिनं आईला आधी सही शिकवली, मग अक्षरं. आबांना त्याचा फार अभिमान. कुणी आलं की ते आईला म्हणायचे, ‘वाचून दाखव की गं’, आणि आई खरंच मिठाच्या पुड्याचा कागद वाचून दाखवायची.

आमचा दिवस बिगुलावर चालायचा. पहाटेचा बिगुल झाला की आई चहा ठेवायची, संध्याकाळचा झाला की आम्ही पोरं जिथं असू तिथं ताठ उभी राहायचो. दुपारी परेड ग्राउंडवरून ‘बोल छत्रपती शिवाजी महाराज की जय’ अशी आरोळी आली की माझा धाकटा भाऊ पाळण्यातून हात वर करायचा. रंगरुटांची कसम परेड असली की आम्ही मुली कुंपणाच्या तारेला नाक लावून बघायचो. सत्तर-ऐंशी पोरं, आपल्याच गावांकडची, सहा-आठ महिन्यांपूर्वी अंगठ्यानं नाक पुसणारी, आता एका सुरात शपथ घेतायत. बँड वाजतोय. मला वाटायचं, मीही मोठी झाले की कसम खाणार. हे मी एकदा आबांना सांगितलं. ते हसले नाहीत. म्हणाले, ‘पोरी दवाखान्यात नर्स होतात फौजेत. तू नर्स हो.’

भाषेचीही एक गंमत होती. बाहेर शहरात सीमाप्रश्न पेटलेला. १९५६ साली बेळगाव म्हैसूर राज्यात गेलेलं, १९६७ साली महाजन आयोगाचा अहवाल आला तेव्हा तर रोज काही ना काही चालायचं. शाळेतल्या बाई घोषणा द्यायला शिकवायच्या. पण लाइनीत मराठी आणि कानडी बायका एकाच नळावर. पलटणीत कानडी मुलखातलेही जवान होते. त्यांच्या बायका मराठी शिकायच्या, आमच्या आया थोडं कानडी शिकायच्या, आणि साहेबाच्या घरातलं कुणी आलं की सगळ्याच मोडकं हिंदी बोलायच्या.

नळाबद्दल मात्र मला थोडं जास्त बोललं पाहिजे. एका लाइनीला एक नळ, पाणी सकाळी दीड तास. रांग असायची, पण ती घागरींची नव्हती, हुद्द्यांची होती. नायकाच्या बायकोची घागर आधी लागलेली असली तरी हवालदाराची बायको आली की ती मागं सरायची. शिपायाची बायको तर शेवटीच. हे कुठल्या कागदावर लिहिलेलं नव्हतं. बायकांनीच ते आपसांत पाळलेलं होतं. सुभेदारांच्या क्वार्टर्स वेगळ्या, त्यांच्याकडं नळ घरात. साहेबांचे बंगले त्याच्याही पलीकडं, झाडीत. आम्ही पोरंसुद्धा खेळताना तसंच करायचो. मी हवालदाराची मुलगी, म्हणून मी लंगडीत आधी. मला ते आवडायचं, हे आज तुमच्यासमोर कबूल करते. आपण खालची जात, वरची जात म्हणतो ना, तसं तिथं नवऱ्याच्या बाहीवरच्या फितीवरून बाईची जागा ठरायची. एका रात्रीत बढती झाली की सकाळी बाईच्या घागरीलाही बढती.

महिन्यातून एकदा वेल्फेअरचा दिवस असायचा. साहेबांच्या बायका यायच्या, त्यांना मेमसाब म्हणायचं. लाइनीतल्या बायका धुतलेली पातळं नेसून सतरंजीवर बसायच्या, मेमसाब खुर्चीवर. स्वच्छता, मुलांचं लसीकरण, विणकाम, असं सांगायच्या. त्यातलं चांगलंही होतं. माझ्या भावाला देवीची लस त्या दिवशीच मिळाली. पण मेमसाब काही विचारायच्या तर उत्तर ठरलेलं असायचं: ‘सब ठीक है, मेमसाब.’ आदल्या दिवशी कुणीतरी येऊन तेवढं वाक्य पाठ करून घ्यायचं.

सगळं ठीक नव्हतं. आमच्यापासून चार दारं सोडून एक नाईक राहायचा. रम मिळायची त्या रात्री त्याच्या घरातून आवाज यायचे. लाइनीतल्या भिंती पातळ, सगळ्यांना सगळं ऐकू जायचं. एका सकाळी त्याची बायको नळावर आली ती डावा हात पोटाशी धरून. बायका बोलल्या नाहीत, पण तिला त्या दिवशी पहिला नंबर दिला. मग तीन-चारजणी मिळून एका सुभेदारांच्या बायकोकडं गेल्या. त्यात माझी आई होती. मला वाटतं, मी पाहिलेला हा पहिला मोर्चा. सुभेदारीणबाईंनी ऐकून घेतलं, नवऱ्याच्या कानावर घातलं. आणि फौज ती फौज, ताबडतोब कारवाई झाली. त्या नाइकाला पाठीवर पिट्टू चढवून भर उन्हात ग्राउंडला फेऱ्या मारायला लावलं. आम्ही पोरांनी टाळ्या वाजवल्या.

पंधरा दिवसांनी हुकूम आला, त्याची फॅमिली घरी पाठवा. लाइनीतली शांतता बिघडते म्हणून. तो क्वार्टर सोडून बरॅकीत गेला आणि ती हातात पिशवी, कडेवर पोर घेऊन गावाकडं सासऱ्याच्या घरी. जाताना ती नळावर आली, पण कुणाशी बोलली नाही, फक्त आईकडं बघितलं. त्यानंतर आमच्या लाइनीतून कुणीही तक्रार केली नाही. माझी आई शहाणी बाई, पण ती कायम म्हणत राहिली की त्या पोरीचं आपण वाटोळं केलं. मी चळवळीत आल्यावर तिला पुष्कळ समजावलं की ते तुम्ही नाही केलं. तिला ते पटलेलं नाही. मलाही पूर्ण पटलंय असं नाही. आजही मी कुणाला पोलीस चौकीवर न्यायच्या आधी तिला विचारते, ‘रात्री कुठं राहणार?’ हा प्रश्न मी पुस्तकातून शिकले नाही.

आता १९७१. त्या वर्षी आबांची बदली पलटणीत, पूर्वेकडं झाली. बदली फील्डची म्हणून क्वार्टर सोडायची होती, पण शाळेचं वर्ष चालू म्हणून मुदत मिळाली होती. डिसेंबरच्या तीन तारखेला लढाई सुरू झाली. लाइनीत रेडिओ दोनच. एका व्हरांड्यात साऱ्या बायका जमायच्या, बातम्या संपेपर्यंत स्वेटरच्या सुया हलायच्या नाहीत. जमालपूर हे नाव मी तेव्हा ऐकलं. तिथं मराठ्यांची पहिली पलटण, जंगी पलटण, लढली. सोळा तारखेला ढाका पडलं आणि पूर्वेकडची लढाई संपली. लाइनीत साखर वाटली. आणि मग खरी वाईट वेळ आली, कारण तारा लढाई संपल्यावरही येत राहिल्या. पोस्टमन लाल सायकलवर यायचा. तो कुठल्या दाराशी उतरतो ते बघायला बायका बाहेर यायच्या नाहीत, आत जायच्या.

आमच्या शेजारी नेसरीकडच्या एक काकू राहायच्या. लाइनीत बायकांना गावावरूनच ओळखायचे, म्हणून त्या नेसरीवाल्या. वय फार तर बावीस, एक मुलगी दीड वर्षाची. तार त्यांच्याकडं आली. त्यांना वाचता येत नव्हतं. वाचून दाखवायला त्या आईकडं आल्या. आईनं अक्षरं शिकल्यावर वाचलेला तो पहिला महत्त्वाचा कागद. तार इंग्रजीत होती. आईला एकच ओळखीचं दिसलं, नंबर आणि नाव. पण तेवढ्यानं कळलं.

आम्ही जानेवारीत गावी परतलो. फेब्रुवारीत आई मला घेऊन काकूंना भेटायला त्यांच्या सासरी गेली. तिथं सोप्यात माणसं बसली होती. सासरे, काकूंचे मामा, गावातले दोघं. विषय पेन्शनचा. त्याच महिन्यात सरकारनं लढाईत गेलेल्यांच्या घरच्यांसाठी पेन्शनचे नियम बरेच उदार केले होते. पण एक नियम जुनाच होता. विधवेनं पुन्हा लग्न केलं की ती विशेष पेन्शन बंद. अपवाद एकच: तिनं मेलेल्या नवऱ्याच्या भावाशी लग्न केलं आणि त्याच घराला धरून राहिली, तर पेन्शन चालू.

मैत्रिणींनो, हे मी गावातल्या चालीरीतीबद्दल सांगत नाहीये. दिराशी पाट लावायची रीत काही जातींत होती, काहींत नव्हती. काकूंच्या घरात नव्हती. पण सरकारी कागदावर ती वाट दिसली आणि घरातल्या माणसांना ती सुचली. सोळा वर्षांचा दीर उंबऱ्यावर खाली मान घालून बसलेला. काकू लग्न होऊन आल्या तेव्हा तो आठ-नऊ वर्षांचा होता, त्याला त्या न्हाऊ घालायच्या. आत चुलीपाशी त्यांनी आईला विचारलं, ‘आक्का, तुमाला वाचाय येतंय. सरकारनं खरंच असं लिवलंय?’

आईनं आबांना पत्र घातलं. स्वतःच्या हातानं, पहिल्यांदाच. आबांचं उत्तर महिन्यानं आलं. होय, तसंच आहे.

काकूंनी लग्न केलं नाही. दिराशी नाही आणि दुसऱ्या कुणाशीही नाही. बाविसाव्या वर्षापासून त्यांनी आयुष्य असंच काढलं. बाहेरचं एक स्थळ आलं होतं, बिजवर शिक्षक होता, मुलीसकट करून घ्यायला तयार होता. मनीऑर्डर बंद होईल म्हणून सासऱ्यांनी मोडलं, आणि खरं सांगायचं तर मनीऑर्डर बंद होईल म्हणून काकूही घाबरल्या. गावानं त्यांचा सत्कार केला. शाळेच्या झेंड्याला दर वर्षी बोलवायचे. दीर मात्र मुंबईला निघून गेला. त्याला वहिनींच्या तोंडाकडं बघता येईना. म्हणजे त्या नियमानं काकूंना नवरा तर दिला नाहीच, होता तो धाकटा भावासारखा दीरही नेला.

हे नियम पुढं हळूहळू सैल होत गेले. शौर्यपदकासोबत मिळणारा भत्ता विधवेला मिळत राहावा म्हणून दिराशीच लग्न करायची अट तर २०१७ सालापर्यंत होती. त्या वर्षी नोव्हेंबरात ती काढली. मी पेपर घेऊन मुद्दाम काकूंकडं गेले. त्या तेव्हा सत्तरीला टेकलेल्या. मी वाचून दाखवलं. त्यांनी विचारलं, ‘म्हंजी पदकवाल्यांचं होय?’ मी म्हटलं, हो, हे पदकाचं, पेन्शनचं आधीच बदललंय. त्या म्हणाल्या, ‘बरं झालं’, आणि शेंगा सोलायला बसल्या. थोड्या वेळानं म्हणाल्या, ‘त्यो मास्तर बरा हुता गं.’ पंचेचाळीस वर्षांत त्याचं नाव त्यांच्या तोंडून मी पहिल्यांदा ऐकलं. नावही नाही, नुसतं ‘मास्तर’.

माझे आबा सुखरूप परत आले, नायब सुभेदार होऊन निवृत्त झाले. मी नर्स झाले नाही. आमच्या घरात १९९२ साली मोठा वाद झाला होता. त्या वर्षी फौजेनं बायकांना नर्स आणि डॉक्टर सोडून इतर विभागांतही अधिकारी म्हणून घ्यायला सुरुवात केली. आबा म्हणाले, साहेबांच्या मुलींसाठी ठीक आहे. हुद्दा त्यांच्या डोक्यातून शेवटपर्यंत गेला नाही. त्यांना कायम कमिशन मिळावं असा निकाल सुप्रीम कोर्टानं दिला तो २०२० साली. आणि साध्या जवान म्हणून बायकांची पहिली तुकडी मिलिटरी पोलिसांत दाखल झाली २०२१ साली. माझी नात्यातली एक भाची सध्या पहाटे चारला उठून विद्यापीठाच्या रस्त्यावर धावते. तिला भरतीत जायचंय. माझ्या मैत्रिणी मला विचारतात, तू चळवळीतली बाई, युद्ध नको म्हणणारी, तू तिला कशी काय पाठवतेस? मी तिला पाठवत नाही आणि अडवतही नाही. मला फक्त तिचं नाव ट्रंकेवर लिहिलेलं बघायचंय. हे चूक असेल तर चर्चेत जरूर सांगा, मी ऐकेन.

आता कामाचं एक सांगते आणि थांबते. फौजेत जवानाचं लग्न, मुलांचे जन्म, सगळ्याची नोंद ‘पार्ट टू ऑर्डर’ला व्हावी लागते. नवऱ्यानं ती केली नाही, किंवा बायकोचं माहेरचं नाव एक, सासरचं दुसरं आणि कागदावर तिसरंच असलं, तर त्याच्यामागं पेन्शनसाठी ती बाई जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयाच्या पायऱ्या झिजवते. आपल्या नाव बदलण्याच्या रीतीमुळं हे फार होतं. जन्मतारखेचाही तसाच घोळ. गेल्या काही वर्षांत अशा अनेकजणींचे कागद मी नीट करून दिलेत, आणि दरवेळी अनुभव हाच, की नवरा जिवंत असताना हे काम एका अर्जात होतं, तो गेल्यावर वर्षं जातात. तुमच्या भावकीत, गल्लीत कुणाची सून, बहीण अशी असेल तर तिला आजच सांगा, नवरा रजेवर आला की नोंदीची नक्कल त्याला मागून घे, आणि तिच्यावर स्वतःचं नाव आधार कार्डाप्रमाणं आहे का ते वाच. वाचता येत नसेल तर घेऊन ये. चर्चा संपल्यावर मी बाहेर व्हरांड्यात बसणार आहे. आज दोघीजणी कागद घेऊन आल्याही आहेत, त्यांचं आधी बघू.